गाडी उठत नाई, बाई

गाडी सुरू झाली नाही की लोक फोनवर मला आवाज काढून दाखवतात. चांगली मोठमोठी माणसं. एका वकिलांनी कोर्टाच्या आवारात उभं राहून काढला होता. "बाई, गाडी टक करून राह्यली." मी विचारलं, "एकदाच टक, का टकटकटकटक?" मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला आणि कानात पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, "टक. एकच."

हसू नका. या आवाजांवर माझं घर चाललं. टकटकटकटक असं सुरू झालं तर बॅटरी बसली समजावं. एकच टक आला आणि पुढं काही नाही, तर वीज निघाली पण मोटर फिरली नाही. घुंई करून नुसतीच मोटर फिरली आणि इंजिन जागचं हललं नाही, तर मोटरचे दात इंजिनच्या चाकाचे दात धरत नाहीत. आणि काहीच आवाज नाही, नुसती शांतता, तर माझ्या पिशवीत जेवढं सामान आहे तेवढं सगळं घेऊन निघावं.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गडचिरोलीत चंद्रपूर रोडला माझं टिनाचं दुकान आहे. गाडीला पहिला धक्का देऊन इंजिन जागं करणारी जी मोटर असते तिला आमच्याकडं सेल्फ म्हणतात, म्हणून लोक मला सेल्फवाली बाई म्हणतात. पाटीवर माझं नाव लिहिलंय, पण पाटी वाचून कोणी आलं असं मला आठवत नाही.

हे काम मी माहेरी शिकले. भद्रावतीला बस स्टँडमागं माझ्या बाबांचं छोटं दुकान होतं. जळालेल्या मोटरी ते घरी आणत आणि आम्ही जेवणं झाल्यावर तांब्याची तार गुंडाळत बसत असू. भावाला कंटाळा यायचा. मला नाही यायचा. लग्न होऊन गडचिरोलीला आले तेव्हा नवऱ्याला, किसनरावांना, मी सांगितलं, "चुलीपुढं बसवा का बॅटरीपुढं बसवा, मले दोन्ही येते. पण बॅटरी जास्त आवडते." किसनराव शाळेत शिपाई होते. ते हसले आणि पगारातून टिना आणल्या.

पहिल्याच वर्षी माझ्या हातातली बांगडी बॅटरीच्या प्लसवर आणि गाडीच्या लोखंडावर एकदम टेकली. बांगडी क्षणात लाल झाली. मनगटावर तो वण अजून आहे. त्या दिवसापासून मी दुकानात हातात काही घालत नाही. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, नवरा जिता असून ही उघड्या हातानं फिरते. मी म्हटलं, "बॅटरीले माह्या नवऱ्याची खबर नाई." पुढं किती तरी वर्षं हे वाक्य माझ्या माघारी लोक एकमेकांना सांगत होते, कोणी हसून, कोणी नाक मुरडून. काही ड्रायव्हर बाईचा हात लागू नये म्हणून गाडी ढकलत दुसरीकडं नेत. त्यांतले काही परत आले, काही आले नाहीत. न आलेल्यांचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच की माझ्या हाताखाली एकही मुलगी तयार झाली नाही. दोघी शिकायला आल्या होत्या, दोघींचीही लग्नं झाली आणि सासरकडच्यांनी नाही म्हटलं.

जंगलातल्या गाड्यांचे आजार वेगळे असतात. एका गुरुजींची गाडी उन्हाळ्यात महिनाभर उभी होती. उंदरानं बोनटाखाली मोहफुलं आणून साठवली. गुरुजी चंद्रपूरला निघाले, इंजिन तापलं, मोहफुलं तापली आणि नाक्यावर पोलिसानं काच खाली करायला लावली तर आतून दारूच्या भट्टीसारखा वास. गुरुजी जन्मात थेंब न घेतलेले. त्यांना चारचौघांत फुंकर मारून दाखवावी लागली. परत येताना उंदरानं कुरतडलेली वायर जळाली आणि गाडी ओढत माझ्याकडं आणली. मी ओंजळी भरभरून फुलं काढत होते आणि गुरुजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाई, कोणाले सांगू नका." नाव सांगत नाही, म्हणजे शब्द पाळला.

पण मला सांगायचंय ते कुरखेड्याच्या सिस्टरबाईंबद्दल.

शेवंताबाई मडावी नर्स होत्या. नोकरी सगळी कुरखेड्याच्या आसपासच्या गावांत गेली, आधी सायकलवर, मग मोपेडवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी लहान गाडी घेतली आणि साठीत गाडी शिकल्या. तालुक्यात लोक हसले असतील. त्यांना ऐकायला वेळ नव्हता. त्यांची धाकटी बहीण झनकाबाई जंगलातल्या एका गावात राहते. तिच्या एका अंगावरून वारं गेलंय. घरात तिचा मुलगा, म्हणजे सिस्टरबाईंचा भाचा, आणि त्याची बायको, दोघंही दिवसभर शेतावर. एकाआड एक दिवस सिस्टरबाई गाडी काढायच्या, बहिणीला आंघोळ घालायच्या, हातापायांना तेल लावून मालीश करायच्या, तिच्याशी भांडायच्या आणि परत यायच्या. त्या गावाला सकाळी एक बस जाते, मग काही नाही.

त्यांची गाडी एकदोनदा माझ्या दुकानात आली होती, तेवढीच ओळख. धानाची मळणी सुरू असतानाच्या दिवसांत त्यांचा फोन आला.

"रत्नाबाई, गाडी उठत नाई, बाई."

"आवाज काय येते?"

"कधी टक म्हणते. कधी काहीच नाई. मेल्यावानी."

मी म्हटलं, घरीच एक गोष्ट करून पाहा. गाडीचे पुढचे लाईट लावा, समोरच्या भिंतीवर उजेड पडू द्या. आता चाबी फिरवा आणि भिंतीकडं पाहा. हे कोणालाही घरी करता येतं, म्हणून इथं लिहून ठेवते. चाबी फिरवताच उजेड पार मंद झाला तर बॅटरीत दम नाही किंवा मोटर अडकलीय. उजेड जशाचा तसा राहिला तर बॅटरीत दम आहे, पण तो मोटरपर्यंत जाऊन काम करत नाहीये.

"तसाच हाय उजेड," त्या म्हणाल्या. "गाडीले चाबीचा पताच नाई जसा."

"बॅटरी जुनी हाय काय?"

"नवीन हाय. विलासनं आणून देल्ली. तरी नाई उठली."

विलास त्यांचा मुलगा. वनरक्षक आहे, आईजवळच राहतो.

"बॅटरीवरचे बोल्ट ढिले असतील."

"मीच कसले. हात दुखेपर्यंत कसले." मग म्हणाल्या, "सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येऊन राह्यला. विलासनं ठरवलं. म्हणते, चालत नाई ते घरी कायले ठेवाचं. झनकीकडं जाऊन मले पंधरा दिवस झाले. तिच्या पाठीले जखम झाली म्हणून भाचा सांगे. तुमी येता काय?"

एवढ्या दूर मी आता जात नाही. गुडघे बोलतात. शिवाय त्याच आठवड्यात माझा मुलगा नागपूरहून आला होता आणि दुकान बंद करण्याविषयी आमचं वाजलं होतं. तो म्हणाला, "आई, आता बस. गाड्यांखाली घुसायचं वय हाय काय तुझं?" मुलगा वाईट नाही. पण 'आता बस' हे शब्द कोणी दुसऱ्यानं म्हटले की माझ्या अंगात काहीतरी पेटतं. माझं बस कधी ते मी पाहीन.

मी पिशवी भरली. पाने, पक्कड, टेस्ट लॅम्प आणि एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडायच्या जाड वायरी. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब आणि त्याला दोन तारा, एवढंच. आमच्या धंद्याचं अर्धं शहाणपण त्या बल्बात असतं. आणि कधीकधी तो फसवतोही, ते पुढं येईलच. रविवारी सकाळची बस धरली.

सिस्टरबाई फाटकाशीच उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. अंगणात गाडी धुऊन पुसून ठेवलेली. पाहुणे मुलगी पाहायला येणार असल्यासारखी.

"विलास ड्युटीवर गेला," त्या म्हणाल्या. "दुपारी येईन. तो यायच्या आत होते काय?"

मला तेव्हा काही कळलं नाही. मी पदर खोचला आणि बोनट उघडलं.

सगळ्यात आधी लॅम्पची एक तार बॅटरीच्या मायनसला अडकवली आणि दुसरी सेल्फवर येणाऱ्या जाड तारेला लावली. बल्ब पेटला. म्हणजे वीज दारापर्यंत येतेय. मग सिस्टरबाईंना चाबी फिरवायला सांगून बारीक तारेला लावली. बल्ब पेटला. म्हणजे चाबीचा हुकूमही पोचतोय. वीज आहे, हुकूम आहे आणि मोटर ढिम्म. कोणीही म्हणेल, सेल्फच गेला. मीही म्हटलं.

"सेल्फ काढावा लागते, बाई. आत कार्बन घासले असतील."

"काढा. पण आजच लागला पायजे."

जुन्या गाडीचा सेल्फ काढणं म्हणजे हात आत घालून, डोळे मिटून, बोटांनी पाहायचं काम. एक बोल्ट हलेना. मी घामाघूम झाले. सिस्टरबाईंनी बळंच उठवलं आणि लाखोळीची भाजी अन् भात वाढला. जेवताना झनकाबाईबद्दल सांगत होत्या. लहानपणी दोघी मिळून टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचायला जायच्या, झनकाबाई झाडावर चढायची आणि खाली उभ्या असलेल्या बहिणीच्या डोक्यावर नेम धरून टेंभरं मारायची. "आता तिचा एक हात उचलत नाई," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या हातानं अजून मारते मले. केस ओढले की मारते."

जेवण झालं. मी म्हटलं, बोल्ट खोलायच्या आधी आणखी एकदा चाबी फिरवून पाहा, मी सेल्फला हात लावून बसते, आत काही हलतं का ते कळेल. त्या गाडीत बसल्या. सवयीनं त्यांनी चोक ओढला. जुन्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करायला ओढायची एक कडी असते, तिची लोखंडी केबल थेट इंजिनपर्यंत जाते. चाबी फिरवून त्यांनी धरून ठेवली.

"आई वं!" त्यांनी हात झटकला.

"काय झालं?"

"भाजलं. हा चोक भाजते आजकाल. केबलले हात लागला का चटका."

मी पाना खाली ठेवला.

"कधीपासून भाजते?"

"गाडी उठाची बंद झाली तवापासूनच. मी म्हटलं, जुनी गाडी हाय, तापत असन."

"बाई, जी गाडी सुरूच होत नाई ते तापन कशी?"

मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. ग्रीस लागलं.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगते. सोपं आहे. वीज बॅटरीतून जेवढी निघते तेवढी तिला बॅटरीत परत यावं लागतं. जायला लाल जाड तार असते. परत यायला मात्र वेगळी तार फार कमी लोकांना दिसते, कारण गाडीचं सगळं लोखंडच परतीचा रस्ता असतं. पण इंजिन असतं रबराच्या गाद्यांवर बसवलेलं, नाही तर थरथरून हाडं खिळखिळी होतील. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि गाडीचं अंग यांच्यात एक जाड विणलेली तांब्याची पट्टी बांधलेली असते. तिला आम्ही अर्थिंगची पट्टी म्हणतो. ती नसली तर सेल्फला पोचलेली वीज परत कशी येणार? मग ती सापडेल त्या फटीतून घुसते. चोकच्या केबलमधून, अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून. एवढी वीज आणि एवढीशी केबल. ती भाजणारच. आणि माझा बल्ब पेटला, कारण मी त्याची दुसरी तार थेट बॅटरीला लावली होती. मी त्याला परतीचा रस्ता दिला आणि मग विचारलं की रस्ता नीट आहे ना. तो बिचारा हो म्हणाला.

पिशवीतली जाड वायर काढली. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरलं.

"फिरवा."

त्यांनी चाबी फिरवली आणि इंजिन असं गर्जून उठलं की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार उडाल्या. सिस्टरबाईंनी स्टेअरिंगवर दोन्ही हात आपटले. शेजारची बाई धावत आली. "उठली काय वं?" "उठली!" त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. मी वायर धरून उभी. असं सुख फार कमी धंद्यांत मिळत असेल. डॉक्टरलाही रोगी उठून असा ओरडून दाखवत नाही.

"पट्टी तुटली असन," मी म्हटलं. "नवीन लावून देऊ, दहा मिनिटांचं काम."

मी वाकले आणि पट्टीची जागा शोधली. तुटलेली पट्टी मी खूप पाहिल्यात. तुटली तरी तिचं टोक बोल्टाखाली अडकून राहतं, हिरवं पडलेलं, कुजलेलं. इथं दोन्ही बोल्ट जागेवर होते, वॉशरसकट, नीट कसलेले. आणि पट्टीचा मागमूस नव्हता. बोल्टाच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. ती पट्टी तुटली नव्हती. कोणीतरी बोल्ट खोलले, पट्टी काढली आणि बोल्ट पुन्हा लावून ठेवले.

मी तशीच वाकून राहिले. या धंद्यात घरांतलं बरंच काही दिसतं. सीटखाली लपवलेली बाटली दिसते, डिकीतलं दागिन्यांचं गाठोडं दिसतं. आपण आपलं काम करावं, पाहिलं ते तिथंच ठेवावं, असं बाबा सांगायचे. मी ते पाळत आले. पण ही गोष्ट वेगळी होती. हे माझ्याच कामातलं होतं. बिघाड काय होता, हे मालकाला सांगणं हाच माझा धंदा.

तेवढ्यात फाटकात मोटरसायकल थांबली. खाकी कपड्यांतला, चाळिशीला आलेला माणूस. त्यानं चालू गाडी पाहिली. मुलाच्या तोंडावर आनंद नाही तर निदान नवल दिसायला हवं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"विलास, पाय!" सिस्टरबाई आतून ओरडल्या. "उठली!"

मी सरळ उभी राहिले. "बाई, गाडी बंद करा. पट्टी तुटलेली नाई. काढलेली हाय. पाना लावून."

इंजिन बंद झालं. शेजारची बाई एकदा माझ्याकडं, एकदा विलासकडं पाहून हळूच निघून गेली.

"कोणं काढली?" सिस्टरबाईंनी विचारलं. त्या मला विचारत होत्या, पण पाहत होत्या मुलाकडं. त्यांना नर्सगिरीत आयुष्यभर लोकांची तोंडं वाचायची सवय.

विलास मोटरसायकलवरून उतरला. तिच्या बाजूचा डबा उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढून बोनटवर ठेवली.

"मी काढली," तो म्हणाला.

"अन् नवीन बॅटरी आणून देल्ली मले?"

"तू रोज चाबी फिरवत बसे. पाहवे ना."

सिस्टरबाई गाडीतून उतरल्या. दार लावलं नाही.

"आई, तिकडं हत्तींचा कळप हाय. वाघीण हाय पिल्लांसंग. मी रोज पाहून राह्यलो. मागच्या महिन्यात आमच्या बीटमधी, जंगलात, सरपणाले गेली बाई, वाघिणीनं धरली. मी उचलून आणली तिले. मी. तिचं पातळ तुह्या पातळावानी होतं, हिरवं, काठाचं. मले वाटलं..." त्यानं बोनटवरची पट्टी बाजूला सारली. मग म्हणाला, "तुले दहा वेळा सांगतलं, नको जाऊ. तू आयकत नाई."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. बसमध्ये येताना मी मनात ज्या मुलाला शिव्या देत आले होते तो हा नव्हता. मला वाटलं, आता या विरघळणार.

सिस्टरबाई विरघळल्या नाहीत.

"तू सांगतलं," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. "मी नाई म्हटलं. नाई म्हटलं का गोष्ट संपते, विलास. तू ते लपवून केली. पंधरा दिवस मी त्या गाडीत बसून चाबी फिरवली अन् तू खिडकीतून पाहे. झनकीच्या पाठीले जखम झाली. ते वाघानं केली? हत्तीनं केली?"

"मी ऑटो लावून देतो म्हटलं होतं ना."

"ऑटोवाला येईन तवा निघाचं, तो म्हणन तवा उठाचं. तिची आंघोळ अर्धी सोडून? मी त्याच जंगलात सायकलवर बाळंतपणं केली. तुले पोटात घेऊन केली. तवा वाघ नव्हते काय?"

"तवा तू जवान होती."

"तवाबी वाघानं वय नसतं इचारलं."

खरं तर मला मधे पडायचं काहीच कारण नव्हतं. पण माझा मुलगा माझ्या डोळ्यांपुढं होता, सोफ्यावर बसून माझ्या गुडघ्यांविषयी बोलणारा. मी म्हटलं, "भाऊ, भेव वाटणं चुकीचं नाई. मलेबी वाटलं असतं. पण माणूस आपल्या भेवापायी दुसऱ्याची तार काढत नसते."

तो माझ्याकडं रागानं पाहील असं वाटलं होतं. त्यानं मान खाली घातली.

सिस्टरबाईंनी माझ्या पिशवीतला पाना उचलला आणि त्याच्यापुढं धरला. "तूच सोडली ना? तूच बांध."

विलासनं खाकी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी त्याला जागा दाखवली. पट्टी बसवायच्या आधी तिथला रंग आणि गंज खरडून लोखंड चकाकीत काढावं लागतं, रंगावर पट्टी बांधली तर बांधून न बांधल्यासारखी. त्यानं सँडपेपरनं घासलं. खूप वेळ घासलं, गरजेपेक्षा जास्तच. आई बाजूला उभी राहून पाहत होती. शेवटचा बोल्ट कसून झाल्यावर त्यानं पट्टी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"टेम्पोवाल्याले फोन कर," सिस्टरबाई म्हणाल्या. "येऊ नको म्हणा."

त्यानं तिथंच उभं राहून फोन केला.

मग तो म्हणाला, "आई, मी आयकतो. पण माही एक गोष्ट तू आयक. निघायच्या आधी मले फोन कराचा. कळप कुठी हाय ते मी सांगन. रस्त्यावर असन तर त्या दिवशी नाई जाचं."

सिस्टरबाईंनी विचार केला. लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. "फोन करन," त्या म्हणाल्या. "इचाराले नाई, सांगाले करन. कळप असन तर थांबन. तुह्या भेवासाठी नाई थांबन." मग गाडीकडं वळल्या. "अन् एवढंच भेव असन तर सुट्टीच्या दिवशी चाल माह्यासंग. मावशीले उचलून पाटावर बसवाले मले एक माणूस लागतेच."

माझी परतीची बस होती. सिस्टरबाई म्हणाल्या, स्टँडवर सोडते. मी पुढं बसले. विलास मागं येऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन, इतकी ती गाडी लहान. त्यांनी चोक ओढला. केबलला मुद्दाम बोट लावून पाहिलं, थंड होती. चाबी फिरवली आणि गाडी पहिल्याच हाकेला उठली.

कुरखेड्याच्या रस्त्यावर रविवारची वर्दळ होती. त्या मोठ्यानं हॉर्न वाजवत, मधोमध, मान ताठ ठेवून चालल्या होत्या. पानठेल्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं. बस स्टँड आलं आणि मागं गेलं.

"बाई, स्टँड गेलं," मी म्हटलं.

"आई, स्टँड गेलं ना मागं," विलास मागून म्हणाला.

"दिसलं मले," सिस्टरबाई म्हणाल्या आणि गिअर बदलला. "आधी झनकीकडं जाऊ. रत्नाबाईले मंग वडश्याहून गडचिरोलीची बस पकडून देऊ." आरशातून त्यांनी मुलाकडं पाहिलं. "तू सांग, कळप कुठी हाय?"

विलासनं खिशातून फोन काढला, कोणाला तरी लावला, दोन शब्द बोलला आणि म्हणाला, "नदीच्या पल्याड हाय. रस्ता मोकळा हाय."

त्यांनी वेग वाढवला.